एकतीस किलो कोष

लुंका, २८ एप्रिल १९८४

अंगेल,

पत्र टपालाने पाठवत नाही, ड्रायव्हर फनिकाच्या बसने पाठवतेय, चीजच्या डब्याखाली. टपालातली पत्रं आपल्याआधी कोण वाचतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. डबा आधी रिकामा कर, मग वाच. पोट भरल्यावर तरी मावसबहिणीचं ऐकून घेशील.

तुमच्या कार्यालयाने आमच्या शाळेला रेशीमकिड्यांच्या अंड्यांची पेटी पाठवली आहे. सोबत हुकूम: जूनच्या पंधरा तारखेपर्यंत वीस किलो कोष. नव्या शिक्षणपद्धतीत म्हणे शिकणं आणि उत्पादन वेगळं राहिलेलं नाही. बरं बाबा, नसेल राहिलेलं. पण किडे ठेवायचे कुठे? तर हेडमास्तर चिर्चुमारूंनी भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा रिकामी केली. हो, तुझीच. पंधरा वर्षांपूर्वी तू इथे मास्तर होतास, सुट्टीत बोटांवर हातोडी आपटून घेत ज्या फळ्या ठोकल्यास, त्यांच्यावर आता किडे लोळणार. तुझे तराजू, भिंगं आणि लंबक व्हरांड्यात पडलेत. लंबकाला मुलांनी डबे अडकवलेत.

हे सगळं मी गिळलं असतं. तीस वर्षं गिळतेच आहे. पण हुकुमाच्या शेवटी एक ओळ आहे: ज्या शाळेचं उत्पादन पुरं होणार नाही, तिच्या कुठल्याही मुलाला शहरातल्या विद्यालयासाठी शिफारसपत्र मिळणार नाही. अंगेल, आठवीत स्मरांदा आहे. ट्रॅक्टरवाल्या दुमित्रूची मुलगी. तिला मी गणित शिकवते असं म्हणायचं, खरं तर गेलं वर्षभर मीच तिच्यामागे धावतेय. परवा एक गणित मी दोन पानांत सोडवलं, तिने सहा ओळींत, आणि वर म्हणाली, "बाई, तुमचंही बरोबर आहे." शहरातल्या गणित विद्यालयाची प्रवेश परीक्षा नऊ जुलैला आहे. शिफारस नाही तर परीक्षा नाही. परीक्षा नाही तर ती सप्टेंबरपासून बापाशेजारी बीट खुरपणार.

तू निरीक्षक आहेस. ती एक ओळ आमच्यापुरती खोड. एवढंच.

वेतुरिया

—

जिल्हा शिक्षण कार्यालय, ४ मे

ताई,

चीज उत्तम. लुक्रेत्सियाने निम्मं लपवून ठेवलं, स्वतःच्या नवऱ्यापासून.

ओळ खोडता येत नाही. ती मी लिहिलेली नाही, माझ्या साहेबांनीही नाही. ती वरून आली, आणि वरच्यांना विचारलं तर त्यांच्याही वरून आली असं म्हणतील. तू गणिताची आहेस, अनंत म्हणजे काय ते तुला समजेल.

माझा सल्ला ऐकशील? वीस किलो कोष काढ. किडा हा प्राणी काही फार बुद्धिमान नसतो. पानं घातली की खातो, खाऊन झालं की कोष करतो. आपल्या सगळ्यांपेक्षा त्याचं बरं चाललंय. स्मरांदालाच पथकाची प्रमुख कर. उत्पादनाचे गुण शिफारशीत धरतात.

आणि तू फार बोलतेस. शिक्षकांच्या सभेत तरी गप्प बस. तुझ्या प्रश्नांची टिपणं माझ्या टेबलावर येतात आणि मला ती हरवावी लागतात.

लंबक व्हरांड्यात ठेवू नका. गंज चढेल.

अंगेल

—

लुंका, १९ मे

अंगेल,

काय तर म्हणे, पानं घातली की खातो. उंटावरचा शहाणा. तो दिवसातून सात वेळा खातो रे. तिसऱ्यांदा कात टाकली आहे मेल्यांनी, आणि आता खोलीत गेलं की सतत कुरतडल्याचा आवाज येतो. पाचवी ते आठवीची मुलं सकाळी रस्त्याकडेच्या तुतीवर, दुपारी तुतीवर, मधल्या वेळात किड्यांची विष्ठा झाडतात. मी त्रिकोण शिकवायला लागले की पाळी बदलायची घंटा होते. कालचा पायथागोरस अर्धाच राहिला. एक कर्ण आणि एक बाजू घेऊन मुलं झाडावर गेली.

चिर्चुमारू सकाळ-संध्याकाळ येऊन किड्यांना विचारतात, "काय, वीस होतील ना?" मला नाही विचारत. शहाणे आहेत.

स्मरांदाला प्रमुख केलंय. तिने भिंतीवर तक्ता लावलाय: रोज किती किलो पानं आणली, किती संपली. देठ खुडता खुडता प्रवेश परीक्षेची गणितं तोंडी सोडवते. बोटं हिरवी झालीत, वहीच्या प्रत्येक पानावर हिरवे ठसे. काल मला म्हणाली, "बाई, पुस्तिकेत दिलंय की एक किलो कोषाला अठरा किलो पानं लागतात. आपली झाडं किती आहेत?" मी म्हटलं, "बावीस." ती काहीतरी पुटपुटत निघून गेली. मलाही तेव्हा विचारायला सुचलं नाही, कारण सहावीतला एक पोरगा फांदीवरून खाली आला होता, फांदीसकट.

हात शाबूत आहे. पण वैताग आलाय, अंगेल.

वेतुरिया

—

लुंका, २७ मे

अंगेल,

तुझ्या उत्तराची वाट न पाहता लिहितेय. किडे मेले. सगळे.

शुक्रवारी सामुदायिक शेतीचं फवारणीचं विमान आलं. गव्हावर मारायचं होतं, वैमानिकाने वळताना रस्त्याकडेच्या तुतींनाही आंघोळ घातली. आम्हाला कुणी सांगितलं नाही. सामुदायिक शेतीचे अध्यक्ष म्हणतात, "फवारणी आमच्या आराखड्यात, किडे तुमच्या आराखड्यात, आम्हाला काय माहीत?" शनिवारी सकाळी मुलांनी तीच पानं घातली. दुपारपर्यंत किडे हिरवं ओकून वळवळत होते. चौथ्यांदा कात टाकून नुकते उठले होते.

लहान मुलं रडली. स्मरांदा नाही रडली. तिने तक्त्यावर शेवटचा आकडा लिहिला, एकूण एकसष्ट किलो पानं, आणि खाली रेघ मारली. मग आम्ही फावड्याने किडे बादल्यांत भरले आणि शाळेमागे पुरले. चिर्चुमारू डोक्याला ओलं फडकं बांधून घरी पडून आहेत.

आता सांग. पंधरा जूनला मी तुम्हाला काय पाठवू, बादल्या?

वेतुरिया

—

जिल्हा शिक्षण कार्यालय, ३० मे

ताई,

पत्र वाचून जाळ. मी गंमत करत नाही.

कोष केंद्रावर अकरा शाळांची पोती एकाच दिवशी येतात. काटा एक. तिथला माणूस सगळं एकदम तोलतो आणि एकच बेरीज लिहितो. ती बेरीज दरवर्षी कमी भरते आणि दरवर्षी पुरी लिहिली जाते, कारण कमी लिहिली तर त्यालाच जाब विचारतील. कुठल्या शाळेचं पोतं होतं आणि कुठल्याचं नव्हतं, हे बघायला कुणी बसलेलं नाही.

तेव्हा अहवाल पाठव. वीसाच्या जागी एकवीस लिही, गोल आकडा संशयास्पद दिसतो. पथकप्रमुख म्हणून स्मरांदाचं नाव घाल आणि सही घे. शिफारसपत्र माझ्या हाताखालून जातं, ते मी बघतो.

मी हे का करतोय असं विचारू नकोस. फळ्यांसाठी म्हण हवं तर.

अंगेल

—

लुंका, १४ जून

अंगेल,

तीस वर्षांत मी एका मुलाचा अर्धा गुण खोटा वाढवला नाही. आणि आता मेलेल्या किड्यांचे एकवीस किलो कोष लिहायला बसले. तीन रात्री झोप नाही. शेवटी लिहिले. मुलीसाठी लिहिले.

तर चिर्चुमारूंनी सही करायला कागद घेतला, फडकं डोक्याला तसंच, आणि म्हणाले, "वेतुरियाबाई, लिहायचंच आहे तर लाजायचं कशाला?" आणि एकवीसचे एकतीस केले. पेनाने, माझ्यादेखत. मी म्हटलं, "अहो, कुठून आणलेत हे दहा किलो?" तर म्हणे, "जिथून तुम्ही एकवीस आणलेत तिथून." तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

स्मरांदाला सहीला बोलावलं. तिने कागद वाचला. ती प्रत्येक कागद वाचते, ही सवय मीच लावलेली. म्हणाली, "बाई, एकतीस कुठून आले?" मी म्हटलं, "वरून आले. सही कर." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला खिडकी बंद करायचं काम आठवलं. सही केली तिने. मला लाज वाटली ती वाटलीच.

अहवाल सोबत आहे. तिचं शिफारसपत्र नीट बघ.

वेतुरिया

—

जिल्हा शिक्षण कार्यालय, २४ जून

ताई,

बसून वाच.

एकतीस किलो हा जिल्ह्याचा विक्रम आहे. इतर शाळांनी वीस, एकवीस, बावीस असं सभ्यपणे लिहिलं होतं. तुमच्या चिर्चुमारूंनी सगळ्यांची नाकं कापली. आकडा साहेबांनी उचलला, साहेबांकडून पक्षाच्या जिल्हा समितीने, तिथून तो राजधानीत, बुखारेस्टला गेला. आता तो परत येत नाही.

आणि मुलगी आगळी आहे असं सगळ्यांचं मत झालं. म्हणून तिचा सन्मान करायचं ठरलंय. परीक्षा न देता, थेट, शेतकी विद्यालयाच्या रेशीम शाखेत प्रवेश. वसतिगृह, गणवेश, सगळं सरकारचं. गणित विद्यालयाचा तिचा अर्ज साहेबांनी स्वतः फाइलमधून काढला. म्हणाले, "असलं रत्न त्रिकोणांत कशाला वाया घालवायचं?"

मी तिथेच उभा होतो. मी काही बोललो नाही. हे तू मला लिहिण्याआधी मीच लिहून टाकतो.

गुरुवारी वर्तमानपत्राचा फोटोग्राफर येईल. कोष तयार ठेवा.

अंगेल

—

लुंका, २९ जून

अंगेल,

कोष तयार ठेवा म्हणे. कुठले? शाळेमागचे उकरून काढू?

पण त्याची गरज पडली नाही. फोटोग्राफर स्वतःचे कोष पिशवीत घेऊन आला होता. तीच पिशवी तो सगळ्या शाळांत नेतो. टोपलीत ओतले, स्मरांदाच्या हातात दिली, म्हणाला, "हस, बेटा." ती हसली नाही. त्याने तसाच काढला. आज छापून आलाय: रोमानियाच्या रेशमाचं भविष्य. दुमित्रूने कात्रण ट्रॅक्टरच्या काचेला चिकटवलंय आणि गावभर त्सुइका दारू पाजत फिरतोय. त्या भल्या माणसाला कोण सांगणार की लेकीचा सत्कार म्हणजे तिला घातलेला दोर आहे. भीक नको पण कुत्रा आवर, असं झालंय.

आणि तू बोलला नाहीस. तू आपणहून लिहिलंस म्हणून मी माफ करीन असं वाटलं का तुला? याच प्रयोगशाळेत तू मुलांना सांगायचास, मोजलेलं तेच लिहायचं, हवं ते नाही. मी दाराबाहेर उभी राहून ऐकायची. तो अंगेल कुठल्या फाइलमध्ये हरवलास?

सगळं खरं सांगून टाक. विमान, बादल्या, एकवीस, एकतीस, सगळं. माझं नाव पहिलं घाल. फार तर मला काढतील. पोरीची परीक्षा नऊला आहे. दहा दिवस उरलेत.

स्मरांदाने काल माझ्याकडे एक पाकीट मागितलं. मी दिलं. कशाला ते मी विचारलं नाही.

वेतुरिया

—

लुंका, ३० जून

आदरणीय कॉम्रेड निरीक्षक,

मी स्मरांदा, लुंका शाळेची आठवीतली विद्यार्थिनी. माझ्या सन्मानाबद्दल आभार. मी एक गणित केलं आहे, ते तपासून द्यावं ही विनंती. बाईंना दाखवलेलं नाही, कारण त्यांना हल्ली आकड्यांनी डोकं दुखतं.

एक किलो कोषासाठी अठरा किलो पानं लागतात (पुस्तिका, पान सात). म्हणून एकतीस किलो कोषांसाठी पाचशे अठ्ठावन्न किलो. आमच्या गावात तुतीची बावीस झाडं आहेत. एका झाडाची एका मोसमात जास्तीत जास्त पंधरा किलो पानं तोडता येतात (पान नऊ). म्हणजे एकूण तीनशे तीस. तीनशे तीस किलोत अठरा किलोच्या थोडे वर कोष होतील, एकही किडा मेला नाही तर. यावरून असं दिसतं की एकतीस तर नाहीतच, पण हुकुमातले वीससुद्धा होऊ शकत नव्हते.

प्रत्यक्षात किड्यांनी २६ मेपर्यंत एकसष्ट किलो पानं खाल्ली. तक्ता सोबत जोडला आहे. तेव्हा प्रश्न असा: उरलेली चारशे सत्त्याण्णव किलो पानं कुणी खाल्ली?

मी तीनदा पडताळा घेतला आहे. माझी चूक असेल तर कळवावी. पुस्तिकेच्या मागच्या पानावर छापलं आहे की आकड्यांत विसंगती आढळल्यास बुखारेस्टच्या पत्त्यावर लिहावं. बाई नेहमी दोन प्रती करायला सांगतात, म्हणून दुसरी प्रत तयार आहे. ती त्या पत्त्यावर पाठवू की थांबू?

नऊ जुलैला गणिताची परीक्षा देता आली तर मला आवडेल. मला किडेही आवडले होते.

स्मरांदा

—

जिल्हा शिक्षण कार्यालय, ५ जुलै

ताई,

तू या मुलीला काय शिकवलंस?

सोबत तिच्या पत्राची माझ्या हाताने केलेली नक्कल आहे. मूळ पत्र फनिकाने परवा माझ्या टेबलावर आणून ठेवलं. वाचून मी हसलो. या इमारतीत मी आठ वर्षांत हसलो नव्हतो, शेजारच्या खोलीतली टायपिस्ट घाबरून बघायला आली. मग मीच घाबरलो. मग तू आठवण करून दिलेली माझीच ओळ आठवली, मोजलेलं तेच लिहायचं.

पत्र घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांनी कागदावर स्वतः गुणाकार करून पाहिला, दोनदा. मग उठून दार लावलं. म्हणाले, "हे हिला कुणी लिहायला सांगितलं?" मी म्हटलं, "तिसरीतल्या पाढ्यांनी, साहेब." त्यांनी विचारलं की दुसरी प्रत कुठे आहे. मी म्हटलं की ती चौदा वर्षांची मुलगी उत्तराची वाट बघतेय, आणि परीक्षेच्या अभ्यासात असली की तिला पत्रं टाकायला सवड होणार नाही.

अर्ज सापडला आहे. चुकून दुसऱ्या फाइलमध्ये गेला होता. सोमवारी, नऊला, सकाळी साडेसातला तिला विद्यालयाच्या दारात उभी कर. रेशीम शाखेची जागा मोकळी ठेवता येत नाही, म्हणून सन्मान चिर्चुमारूंच्या थोरल्याला देण्यात येत आहे. तो नाही तरी आठवीतून कुठे जाणार हा प्रश्नच होता.

बाकी सगळं ठीक.

अंगेल

—

लुंका, २१ जुलै

अंगेल,

नऊ पूर्णांक ऐंशी, दहापैकी. जिल्ह्यात तिसरी. भिंतीवरची यादी मी चष्मा पुसून तीन वेळा वाचली. दुमित्रू आधी जरा हिरमुसला, म्हणाला, "फोटो छान आला होता." मग मी त्याला समजावलं, आता पुन्हा पाजत फिरतोय. या आनंदात तुला यायला काय झालं होतं? फनिकाच्या बसमध्ये जागा ठेवली होती.

ते पत्र वाचून मला काय वाटलं ते सांगू? अभिमान वाटला, आणि भीती. पोर मला न सांगता वाघाच्या गुहेत जाऊन वाघाला वजाबाकी विचारून आली. विचारलं तिला, "तुला ठाऊक होतं का गं तू काय करतेयस?" तर म्हणते, "बाई, मी फक्त तपासून मागितलं." तिला ठाऊक होतं की नाही, ते अजून मला कळलेलं नाही.

आता दुसरा ताप ऐक. पुढच्या वर्षीचा हुकूम आलाय. विक्रमी शाळा म्हणून आम्हाला चाळीस किलो. आणि चाळीस पुरे करायला सप्टेंबरपासून एक खास उत्पादन-शिक्षक पाठवताहेत, नाव कळवलेलं नाही. कुठला वेडा गावाला येतोय कोण जाणे. तुझ्या ओळखीचा असला तर त्याला सांग, येताना झाडू घेऊन ये, आणि माझ्या वर्गाच्या वेळात घंटा वाजवलीस तर लंबक डोक्यात घालीन.

तू बरा आहेस ना? पत्र फारच लहान होतं तुझं.

वेतुरिया

—

२६ ऑगस्ट

ताई,

वेडा मीच.

जुलैतच ठरलं होतं. तुला परीक्षेआधी सांगायचं नव्हतं, आणि नंतर सांगवलं नाही. त्या दिवशी दार लावल्यावर साहेबांनी शेवटी विचारलं, की खोटा अहवाल लिहायचं सुचवलं कुणी. दोन नावं देण्यासारखी होती, तुझं आणि चिर्चुमारूंचं. मी तिसरं दिलं. साहेब रागावले नाहीत. म्हणाले, "ज्याला एकतीस लिहिता येतात, त्याला चाळीस काढताही येतील." माणूस विनोदी आहे हे आठ वर्षांत कळलं नव्हतं.

लुक्रेत्सिया आठ दिवस बोलली नाही. काल विचारलं, तिकडे चीज रोज मिळतं का. तेव्हा येईल ती.

स्मरांदाची पद्धत वापरून मी हिशेब केला. चाळीस किलोला सातशे वीस किलो पानं, म्हणजे अठ्ठेचाळीस झाडं. बावीस आहेत, सव्वीस कमी. रोपवाटिकेतून तुतीची सव्वीस रोपं मिळवली आहेत, फनिका बसच्या टपावरून आणणार आहे. त्यांना तोडण्याजोगी पानं यायला चार वर्षं लागतात. तोपर्यंत दरवर्षी जेवढे होतील तेवढेच लिहीन. पुढे जे होईल ते होईल, याहून खालचं गाव या जिल्ह्यात नाही.

पंधरा सप्टेंबरला, शाळा सुरू व्हायच्या दिवशी पोचतो. किड्यांसाठी तुम्ही जळणाची खोली मोकळी करा, तिथे ऊबही बरी असते. प्रयोगशाळेतल्या फळ्यांना कुणी हात लावू नका. त्या मी धुऊन घेईन. लंबकाचा गंज काढायला पॉलिशचा कागद माझ्याकडे आहे.

अंगेल